घोडं नेताना गाडीत खाली काय टाकायचं? (कृषी सल्ला)

प्रश्न: पाचगणीचे एक घोडेवाले विचारतात, "टेबललँडवर आमची चार घोडी आहेत. पावसाळा लागला की पिकअपमधून वाईला खाली आणतो. यंदा नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक घोडं आणायचाही विचार आहे. हौद्यात (गाडीच्या मागच्या, माल भरायच्या भागात) पिंजर म्हणजे भाताचा पेंढा टाकावं, भुसा टाकावा, की नुसती रबरी मॅट पुरे? कुणी काही सांगतं, कुणी काही." आटपाडी भागातल्या एका खिलार बैलवाल्यांचा प्रश्नही याच अंगाचा आहे: शर्यतीला बैल नेताना आम्ही हौद्यात वाळू पसरतो, ते बरोबर आहे का?

उत्तर: मॅट कायमची ठेवा, पिंजर किंवा लाकडाची सालपटं फक्त लांबच्या प्रवासाला टाका आणि वाळू बंद करा. आता कारणं.

जनावर घसरू नये हे एक काम आणि मूत शोषलं जावं, बसलं तर अंगाला लागू नये हे दुसरं. आपल्याकडे दोन्ही कामं पिंजरावरच सोपवतात, तिथं घोटाळा होतो. पत्र्यावर टाकलेलं पिंजर पकड देत नाही. गाडीनं ब्रेक मारला की पिंजरासकट घोडं पुढं सरकतं. पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणावर घोडं चारी पाय फाकवून तोल धरत असतं. त्याला खुराखाली न हलणारी जमीन पाहिजे, आणि ती मॅटच देते.

आपल्या पिकअपचा हौदा बहुतेक चेकर प्लेटचा, म्हणजे उंचवटे काढलेल्या पत्र्याचा असतो. नवा असताना त्यावरचे उंचवटे बरे लागतात. दोन-तीन वर्षांनी मागच्या पायांच्या जागी बघा, उंचवटे घासून तिथं पत्रा आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो. त्यावर लोखंडी नाल आणि वरून मूत, मग घोडं घसरणार नाही तर काय! खात्री करायची तर हौद्यात बादलीभर पाणी ओता आणि प्लास्टिकची चप्पल घालून चालून बघा.

मॅट वेगळी शोधत बसू नका. गोठ्यात गाईंसाठी जी जाड रबरी मॅट वापरतात तीच चालते. खालच्या बाजूला खाचा असलेली घ्या, म्हणजे पाणी अडत नाही. ती हौद्याच्या मापात अशी कापून बसवा की कडेला फट राहणार नाही. कड वर उचलली गेली की त्यात खूर अडकतो, आणि तसली मॅट नसलेली बरी. फाळक्याजवळची (मागच्या उघडणाऱ्या दाराजवळची) कड पट्टी मारून दाबून टाका, कारण चढता-उतरताना सगळा जोर तिथंच येतो.

मॅट टाकण्याआधी गाडीखाली जाऊन तळ तपासा. पत्र्यावर लाकडी फळ्या ठोकल्या असतील तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर फळी कुजली आहे, बदला. घोड्याचं सगळं वजन चार खुरांवर येतं. कुजलेल्या फळीतून पाय खाली गेला तर जनावर वाचत नाही. फळ्या लवकर कुजतात त्या बहुतेक वेळा ओलं पिंजर तसंच पडू दिल्यामुळं.

आता पिंजर कधी टाकायचं? पाचगणी ते वाई एवढ्या अंतराला काहीच टाकू नका, मॅट पुरे. घाट संपेस्तोवर घोडं मुतलं नाही म्हणून काही बिघडत नाही. सारंगखेड्याची गोष्ट निराळी, तो दिवस-रात्रीचा प्रवास आहे. पायावर शिंतोडे उडालेले घोड्याला आवडत नाहीत, म्हणून कडक पत्र्यावर किंवा नुसत्या मॅटवर ते तासन्‌तास मूत धरून ठेवतं. मग खुरं आपटतं, अंग चोरतं, पाणी पीत नाही. पाणी तुटलं की पोटशूळाचा धोका. जुने टांगेवाले शीळ घालून घोड्याला मुतायला लावायचे, ती सवय तुमच्या घोड्याला असेल तर उत्तमच. नसेल तर मॅटवर चार बोटं जाडीचा थर टाका. सगळ्या हौद्यात नको, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या जागी तेवढाच. तोंडापुढची जागा मोकळी ठेवा.

पुढं मोकळी का ठेवायची, तर धुळीसाठी. उघड्या पिकअपमध्ये केबिनच्या मागं वारा भोवऱ्यासारखा फिरतो. हौद्यात भुसा असेल तर तो उडून थेट नाकाडोळ्यांत जातो. त्यात आपण घोडं आखूड बांधतो, मान वर. मान खाली करता आली नाही की श्वासनळीतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, फुफ्फुसाकडे उतरते. बाजारातून आणलेलं घोडं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोकायला लागतं आणि मालक म्हणतो, "व्यापाऱ्यानं आजारी माल गळ्यात मारला." कधी तसंही असतं, पण पुष्कळदा तो आजार वाटेत लागलेला असतो. म्हणून टाकलेल्या थरावर पाणी शिंपडा, नुसता ओलसर होईल इतकंच. दर चार तासांनी गाडी थांबवा, दावं सैल करून मान खाली करू द्या, पाणी दाखवा. घरी आणल्यावर तीन दिवस ताप मोजा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 99.5 ते 101.3 फॅरनहाइट असतं. त्याच्या वर जाऊ लागलं, खाणं सुटलं, की लगेच दवाखाना गाठा, घरगुती काढे करत बसू नका.

काय टाकावं याचं माझं मत सांगतो. सुताराच्या रंध्यातून निघालेली लाकडाची मऊ, मोठी सालपटं सगळ्यात चांगली. ती शोषतातही आणि उडतातही कमी. त्याच्याकडं पोतं बांधून ठेवायला सांगा, पण पॉलिश किंवा रसायन लावलेल्या लाकडाची नकोत. करवतीचा बारीक भुसा नको, ती नुसती धूळ आहे. भाताचं पिंजर कोरडं, बुरशी नसलेलं असेल तर चालतं, मात्र घोडं ते खातं, म्हणून जाळीत चारा वेगळा बांधा. भाताचं तूस खुराखाली मण्यांसारखं सरकतं आणि वाऱ्यानं उडतं. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून टाकतात, पण त्याची पात गुळगुळीत आणि कडा धारदार. कारखान्याच्या बगॅसला (उसाच्या चोथ्याला) ढिगात बुरशी धरते. ही तिन्ही घोड्याच्या गाडीत नकोत. सोयाबीनचं भुसकट टोचतं, ते गोठ्याकडंच राहू द्या.

आता खिलारवाल्यांचं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2021 च्या आदेशानंतर बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तसं दर आठवड्याला बैल गाडीत चढतोय. तेव्हा हौद्याची काळजी वर्षाला एकदा खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेला जाण्याएवढी किरकोळ राहिलेली नाही. वाळूचा हिशेब करा. पिकअपचा हौदा साधारण 9 बाय साडेपाच फूट धरला आणि दोन इंच वाळू पसरली, तर ती पावणेचारशे किलोच्या आसपास भरते, ओली असेल तर आणखी जास्त. म्हणजे जवळजवळ एक बैल फुकट वाहून नेताय. शिवाय कोरडी वाळू बैलाच्या पत्रीखाली (खुराच्या नालेखाली) सरकते आणि मुतानं भिजलेली वाळू कोपऱ्यात साठून पत्रा खाते.

बैल मूत धरून ठेवत नाही, शेणही वाटेतच टाकतो. म्हणून बैलाखाली पिंजराचा जाड थर टाकला तर तासाभरात त्याचा चिखल होतो, आणि शेणानं भिजलेल्या पिंजरासारखं निसरडं काही नाही. बैलासाठी मॅट किंवा काथ्याची चटई घट्ट बसवा. लांब जायचं असेल तर वरून पातळ पिंजर टाका आणि थांबाल तिथं फावड्यानं शेण ओढून काढा. सोबतच्या गड्याला हे काम आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो केबिनमध्ये झोपतो.

नियम काय म्हणतात तेही माहीत असू द्या, रस्त्यात अडवलं तर उपयोगी पडतं. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांत साध्या मालगाडीतून गाई-बैल नेताना तळाला काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या असं न घसरणारं साहित्य टाकायला सांगितलं आहे. घोड्यांच्या गाडीलाही तळ न घसरणारा हवा. त्याशिवाय दोन घोड्यांच्या मध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू, सोबत एक माणूस आणि ताशी 35 किलोमीटरच्या आत वेग. पशुवैद्यकाचा प्रवासास योग्य असल्याचा दाखला निघण्याआधी घ्या. बाजारात गर्दी असते, शेवटच्या घटकेला तो मिळेलच असं धरून चालू नका.

शेळ्या-मेंढ्यांचं कुणी विचारलेलं नाही, पण आटपाडीकडचे मेंढपाळ हे वाचतात म्हणून लिहितो. त्यांना मात्र थर हवाच, कारण त्या गाडीत बसतात. त्याच नियमांत त्यांच्यासाठी किमान 5 सेंटिमीटर पेंढ्याचा थर सांगितला आहे.

गाडी घरी आली की जनावर उतरवल्यावर त्याच दिवशी ओला थर उकिरड्यावर टाका, मॅट उचलून उभी करा आणि हौदा पाण्यानं धुवा. साबणाचं पाणी चालतं. फिनेल ओतायचं असेल तर नंतर भरपूर पाणी मारा, त्या उग्र वासानं काही घोडी दुसऱ्या खेपेला गाडीत चढायलाच तयार होत नाहीत. मॅट जड असते, दोघं जण लागतात. एकट्यानं ओढून कंबर धरून बसू नका. पाणी बाहेर पडायचं भोक तारेनं मोकळं करा, आणि तळ पूर्ण वाळल्यावरच मॅट परत टाका.