चित्रपटांत टिनिटस (कान वाजणे) आणि हायपरॲक्युसिस (साधे आवाजही असह्य होणे) यांचे चित्रण कितपत खरे असते?

बहुतेक चित्रपटांत टिनिटस म्हणजे स्फोटानंतर काही सेकंद ऐकू येणारी तीक्ष्ण शिट्टी. ती विरते, नायक पुन्हा धावू लागतो आणि हा त्रास क्षणिक असतो असा प्रेक्षकाचा समज होतो. प्रत्यक्षात बाहेर कसलाही आवाज नसताना जाणवणारा हा नाद अनेकांना वर्षानुवर्षे सोडत नाही आणि रात्री सामसूम झाली की अधिकच छळतो. २०१७ च्या 'बेबी ड्रायव्हर'ने हे नेमके पकडले आहे: लहानपणीच्या अपघातापासून कान वाजत असलेला नायक तो आवाज झाकण्यासाठी सतत गाणी ऐकतो आणि संगीत थांबले की तीच बारीक शीळ प्रेक्षकालाही ऐकू येते. मात्र मोठ्या आवाजातील संगीताने श्रवणशक्तीची आणखी हानी होऊ शकते, हे विसरू नये.

'साउंड ऑफ मेटल' (२०१९) बहिरेपणाविषयी असला, तरी मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले उपकरण) सुरू झाल्यावर नायकाला माणसांचे बोलणे पत्र्यावर खरवडल्यासारखे, धातूच्या आवाजासारखे ऐकू येते आणि आपणही खुर्चीत अस्वस्थ होतो. त्याच्या ध्वनीला ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले.

हायपरॲक्युसिसची उपेक्षा मात्र मनाला लागते. पडद्यावर तो दूरचे ऐकण्याची अद्भुत शक्ती बनून येतो. वास्तवात तसे काही नसते, तर भांडी एकमेकांवर आपटल्याचा साधा आवाजही असह्य होतो, कधी कानात प्रत्यक्ष कळ येते.