कॅरिओटाइप नॉर्मल, तरी एक तपासणी बाकी आहे

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' हा जन्मजात हृदयदोष होता. दहाव्या महिन्यात ऑपरेशन झालं, आता छान पळते-खेळते. बोलते मात्र नाकातून. तान्ही असताना दूधही नाकातून यायचं. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, नॉर्मल आला होता. आम्हाला दुसरं मूल हवंय. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं आणि पुन्हा तेच होणार. नवरा गप्प बसतो. काय करू? – एक आई, ऐरोली

ताई, शंभरातल्या साधारण एका बाळाला जन्मतः हृदयदोष असतो, कडक ग्रहण पाळणाऱ्या घरांतही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट आहे ते नाकातलं बोलणं. टेट्रालॉजी आणि टाळूची तक्रार एकाच मुलात दिसली, की बाविसाव्या गुणसूत्राचा '२२ क्यू ११' हा तुकडा गळालाय का, हे बघायलाच हवं. टेट्रालॉजीच्या शंभरातल्या पंधराएक मुलांत तो गळालेला सापडतो. कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डीएनएच्या पन्नास लाख ते एक कोटी अक्षरांहून लहान तुकडा गेला असेल तर तिथे कळत नाही. हा तुकडा बहुधा तीसेक लाखांचा असतो. म्हणजे रिपोर्ट चुकीचा नाही, पण एवढं बारीक त्यात दिसतच नाही.

डॉ. डिजॉर्ज यांनी १९६५ मध्ये हा तुकडा गळाल्याने होणाऱ्या आजाराकडे लक्ष वेधलं. पुढे २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून याच तुकड्यातलं 'टीबीएक्स १' जनुक पुढे आलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, टाळू, थायमस (प्रतिकारशक्तीची छातीतली ग्रंथी) आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी या सगळ्यांच्या घडणीत त्याचा हात असतो. म्हणून तक्रारी जोडीने येतात.

तेव्हा आधी मुलीची तपासणी, दुसऱ्या बाळाचा विचार त्यानंतर. जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे 'क्रोमोसोमल मायक्रोॲरे' मागा. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त लागतं. फिश तपासणी स्वस्त पडते, पण ती नेमलेली जागाच बघते. मायक्रोॲरे सगळी गुणसूत्रं चाळतो. ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं असेल तर तारखेसह सांगा. रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असा एखादा बदल लिहून आला तर तेवढ्यावरून काहीही ठरवू नका. दरम्यान, रक्तातलं कॅल्शियम आणि कानांची तपासणी करून घ्या. टॉर्च लावून पडजीभ बघा, टोकाला दुभंगलेली दिसते का. दिसली नाही तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टाळू दाखवाच. वरून अखंड वाटणाऱ्या टाळूच्या आतले स्नायू जुळलेले नसतात, असं होतं. मग नुसत्या स्पीच थेरपीने भागत नाही.

तुकडा गळालेला निघाला तर तुम्हा दोघांच्या रक्ताची त्याच जागेची तपासणी. दहातल्या नऊ मुलांत तो नव्याने गळालेला असतो, स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना. तसं असेल तर पुढच्या बाळाचा धोका शंभरात एकाच्या आसपास. आई किंवा वडिलांत तो असेल तर मात्र प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता, आणि असणाऱ्याला स्वतःला काहीच त्रास नसू शकतो. काहीच सापडलं नाही, तर पुढच्या बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता साधारण दोन-तीन टक्के धरा.

दिवस राहण्याआधी निदान महिनाभर फोलिक ॲसिड सुरू करा. नेहमीचा डोस ४०० मायक्रोग्रॅम, पण बाजारात ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. साखर तपासा. रुबेलाची लस घेतली नसेल तर घ्या आणि महिनाभर थांबा. आई-वडिलांपैकी कुणात तुकडा गळालेला असेल तर वारेची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत किंवा गर्भजलाची १६ नंतर. फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) १८ ते २२ आठवड्यांत, पण तुम्ही तो अठराव्याच्या सुमारासच करा. त्यात दोष दिसून गर्भजल तपासायचं ठरलं, तर रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा प्रश्न आला तर तो वैद्यकीय मंडळाकडे जातो.

पैशांची चिंता असेल तर मुलांच्या हृदयावर मोफत उपचार करणारं श्री सत्य साई संजीवनी केंद्र खारघरलाच आहे.

नवऱ्याला पहिल्या भेटीपासून सोबत न्या. बदल त्यांच्या बाजूनेही आलेला असू शकतो, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी स्वतः ऐकू दे. मग सासूबाईंना ते सांगायचं काम त्यांच्यावर सोपवा.