वाचक विचारतात: सहा वर्षं पडून असलेली चेनसॉ

प्रश्न: भाऊ, नमस्कार. बाबांनी काटोलच्या संत्र्याच्या बागेसाठी पेट्रोलवरची चेनसॉ घेतली होती. ते गेल्यावर मशीन पोत्यात गुंडाळून गोडाऊनमध्ये पडली ती पडलीच, सहा वर्षं झाली असतील. परवाच्या वादळात धुऱ्यावरचा बाभूळ संत्र्याच्या दोन झाडांवर आडवा झाला म्हणून मशीन नागपूरला घेऊन आलो, टाकीत जुनं पेट्रोल होतं त्यातच नवीन टाकलं आणि दोन दिवस झाले दोरी ओढून राहिलो, खांदा गेला पण मशीन एकदाही फट् म्हणत नाही. दुकानदार म्हणतो इंजिन गेलं, नवीन घ्या. खरंच गेलं का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर: भाऊ, आधी दोरी सोडा. इंजिन गेलं की नाही हे मशीन उघडून पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, आणि तुमच्या पत्रावरून तरी त्या दुकानदाराने ती उघडलेली दिसत नाही. माझा संशय पेट्रोलवर आहे.

आधी टाकीतलं सगळं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता आणि दहा मिनिटं हलवू नका. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबट वास येतो तो येईलच, पण बरणीच्या तळाशी वेगळा थर दिसतो का ते बघा. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पावसाळ्याच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून तळाला बसतात. इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आता टाकीतला फिल्टर कुठे पडलेला असतो? तळाला. म्हणजे अशी मशीन चुकून सुरू झालीच तर इंजिनात बिनऑइलचं पाणचट काहीतरी जातं आणि पिस्टन घासून जाम होतो. म्हणून तुमची मशीन दोन दिवस सुरू झाली नाही हे एका अर्थी बरंच झालं. ते पेट्रोल नालीत ओतू नका, ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या.

मग इंजिन. प्लग काढा, भोकात टू-टी ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी दोरी हळू ओढा. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून आतल्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा. गुळगुळीत चकचकीत दिसला तर देवाला नारळ फोडा, उभे ओरखडे दिसले तर दुकानदार बरोबर होता असं समजा. (सायलेन्सरच्या तोंडात माती भरलेली सापडली तर दचकू नका, कुंभारीण माशीला असलं भोक फार आवडतं, माझ्या फवारणी पंपात तिनं दोनदा घर केलं.) प्लग परत लावून मशीन दोरीच्या मुठीला धरून अधांतरी लटकवा, थांबत थांबत खाली आली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, दणकन खाली आली तर नाही.

हे ठीक निघालं तर खरं काम पेट्रोलच्या वाटेवर आहे. टाकीतली रबरी नळी बाहेर ओढून वाकवून बघा, जुनी नळी वाकवली की चिरा पडतात नाहीतर हातात तुकडाच येतो, तसं झालं तर नळी आणि फिल्टर दोन्ही बदला, विचार करू नका. मग कार्बोरेटर. चेनसॉ आडवीतिडवी कशीही धरून चालवावी लागते म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो, डायफ्राम म्हणतात त्याला. सहा वर्षांत तो पापडासारखा कडक होतो आणि जाळीवर पेट्रोलचा डिंक बसतो. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून सगळी भोकं मोकळी करा, चष्मा घालून, आणि पडदे-गास्केटचं किट घ्या, अख्ख्या कार्बोरेटरपेक्षा खूप स्वस्तात काम होतं. कार्बोरेटरवरचे एच आणि एल लिहिलेले स्क्रू उगाच फिरवू नका, काढावेच लागले तर आधी हलक्या हाताने बसेपर्यंत आत फिरवून किती आटे गेले ते कागदावर लिहून ठेवा.

प्लग नवाच टाका, बऱ्याच मशीनला गॅप अर्धा मिलिमीटर लागतो. प्लगला करंट येत नसेल तर आधी स्टॉपचा स्विच बघा, हसू नका, अर्धी मंडळी इथेच फसतात.

आता ताजं पेट्रोल. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली, वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत. मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा, मागच्या मुठीत बूट घाला, चोक पूर्ण ओढा. पहिलं फट् झालं की चोक अर्धा करा आणि मग ओढा. लोक फट् झाल्यावरही चोक तसाच ठेवून ओढत बसतात आणि प्लग ओला होतो. तसं झालं तर प्लग पुसून, चोक पूर्ण आत ढकलून, रेस पूर्ण, आठ-दहा वेळा ओढायचं.

आणि बाभूळ कापताना सांभाळा बरं का. खाली दाबली गेलेली संत्र्याची फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते, वरचं ओझं हललं की सुटून तोंडावर बसते. बारच्या, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, मशीन उसळून अंगावर येते.

प्रश्न: आमची मशीन दोरीला लगेच सुरू होते, पण लाकडाला लावली की धूर निघतो, भुसा पिठासारखा येतो आणि कट एका बाजूला जातो. इंजिनचा प्रॉब्लेम का? (एक वाचक, कळमेश्वर)

उत्तर: नाही हो, चेन बोथट झाली आहे. धारदार चेन लाकडाच्या जाडसर कपच्या काढते, बोथट चेन पीठ काढते. एका बाजूचे दात जास्त झिजले की कट वाकडा जातो. गोल कानस घ्या, जाडी चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांमधलं अंतर), ०.३२५ इंचाच्या चेनला साधारण ४.८ मिमीची चालते, प्रत्येक दाताला सारखेच झटके, कानस पुढे नेतानाच दाबायची. धूर तरीही निघाला तर बारला ऑइल पोचत नाही: पांढऱ्या कागदासमोर चेन फिरवा, ऑइलची बारीक रेघ उडाली पाहिजे. भोक भुशानं बुजलेलं असेल. आणि तिथे जळकं इंजिन ऑइल टाकत असाल तर बंद करा.

प्रश्न: चेनसॉ दुरुस्त झाली, आता घराच्या कंपाउंडमधला कडुनिंब पण उतरवून टाकू का? पानं फार पडतात. जागा आमचीच आहे. (एक वाचक, त्रिमूर्ती नगर)

उत्तर: जागा तुमची असली तरी शहरात झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पानांसाठी खराटा घ्या. नागपूरच्या मे महिन्यात त्याच कडुनिंबाखाली खाट टाकाल.