पडलेल्या पिक्चरचं कौतुक करायचं की नाही?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या ग्रूपमध्ये 'कागज के फूल'वरून कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं गुरुदत्तने केवढं मोठं काहीतरी करायला घेतलं होतं, भारतातला पहिला सिनेमास्कोप वगैरे, तर मित्र म्हणाला लोकांनी तेव्हाच नाकारला ना, रटाळ आहे, रडका आहे, मग आता साठ-पासष्ट वर्षांनी डोक्यावर घेऊन काय नाचताय, असं असेल तर पडलेला प्रत्येक पिक्चर महानच म्हणायचा. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नुसत्या मेहनतीसाठी, मोठ्या स्वप्नासाठी फसलेल्या सिनेमाचं कौतुक करावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे, आणि हे त्याला आधी सांगा म्हणजे पुढचं तरी ऐकून घेईल. नुसत्या मेहनतीसाठी कौतुक नकोच. मेहनत सगळेच करतात हो, जो पिक्चर शुक्रवारी लागून सोमवारी उतरतो त्याच्या लाइटमननेही रात्री जागून काढलेल्या असतात. आणि स्वप्न मोठं होतं म्हणून तर अजिबात नको, कारण स्वप्नं मुलाखतीत सांगता येतात, पडद्यावर काय उतरलं ते वेगळं. मी इतकंच बघते की त्या माणसाने जे करायला घेतलं त्यातलं बोट ठेवून दाखवता येईल असं काय आहे. असेल तर खुल्या दिलाने कौतुक करायचं, पण तेवढ्याचंच.

आता 'कागज के फूल'मध्ये बोट कुठे ठेवायचं ते सांगते. 1953 मध्ये हॉलिवूडने सिनेमास्कोप आणला तो टीव्हीसमोर बसलेला प्रेक्षक थिएटरात परत यावा म्हणून, त्यामुळे त्या लांबरुंद पडद्यात काय भरायचं तर रोमन फौजा, महाल, हजारोंची गर्दी. गुरुदत्त आणि त्याचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी 1959 मध्ये तोच पडदा घेतला आणि चक्क रिकामा ठेवला. एवढा आडवा पडदा, त्याच्या एका कडेला एक माणूस, आणि बाकी सगळा ओसाड स्टुडिओ, वर लटकणारे दिवे, धूळ, अंधार. 'वक्त ने किया' गाण्यात हिरो-हिरॉइन दोघांपैकी कुणीच ओठ हलवत नाही, गीता दत्तचा आवाज नुसता भरून राहतो आणि वरून उन्हाचा एक जाडजूड झोत खाली येतो. तो झोत स्टुडिओच्या लाइटने होईना म्हणून मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं खरंखुरं ऊन आत वळवलं. दोघांच्या मधलं अंतर मोजायला स्कोपची रुंदी वापरायची हे तेव्हा आपल्याकडे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आज चौकोनी टीव्हीवर कडा कापून बघितलं तर ते कळतही नाही, म्हणून मित्राने नक्की कुठल्या प्रिंटवर बघितला तेही विचारा.

पण त्याला रटाळ वाटला असेल तर त्यातही दम आहे. गोष्ट काय, तर सुरेश सिन्हा हा नावाजलेला डायरेक्टर, बायको आणि सासर वरच्या वर्तुळातलं, त्यांना सिनेमावाले म्हणजे कमअस्सल, मुलगी बोर्डिंगात, मग शांती भेटते, तिला तो हिरॉइन करतो, लोक बोलायला लागतात, मुलगी शांतीला म्हणते आमच्या आयुष्यातून जा आणि शांती जाते. इथपर्यंत ठीक. पण यात सासरचे लोक म्हणजे पाइप ओढणारी, कुत्री कुरवाळणारी कार्टून्स, जॉनी वॉकरचा ट्रॅक दुसऱ्याच पिक्चरमधून चुकून आल्यासारखा, आणि शांती गेल्यानंतर नुसती घसरण, दारू, गरिबी, परत दारू. शिवाय पूर्ण सिनेमाभर चूक सगळ्यांची, सुरेशची कधीच नाही. दोन वर्षं आधीच्या गुरुदत्तच्याच 'प्यासा'तला हिरो विजयही दुखावलेलाच आहे, पण तो भर सभेत उभा राहून नाही म्हणतो आणि निघून जातो, आणि तो पिक्चर लोकांनी उचलून धरला होता. म्हणजे लोकांना दुःख चालत नव्हतं असं नाही. इथे हिरो स्वतःची कीव करतो आणि दिग्दर्शक त्याला साथ देतो, ते लोकांना नाही पटलं, मलाही पटत नाही, दर वेळी शेवटचा अर्धा तास मी घड्याळ बघते.

आणखी एक गोष्ट, आणि ही तुमच्यासाठी आहे, मित्रासाठी नाही. या पिक्चरनंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव परत कधी लावलं नाही. त्याच्याच कंपनीचा 'चौदहवीं का चाँद' 1960 मध्ये आला तो एम. सादिक यांच्या नावावर, आणि धोधो चालला. 'साहिब बीबी और ग़ुलाम' 1962 मध्ये अबरार अल्वींच्या नावावर. 10 ऑक्टोबर 1964 ला तो गेला, वय फक्त 39. मग लोकांनी सगळं उलटं वाचायला सुरुवात केली की बघा, त्याने स्वतःचंच मरण आधी लिहून ठेवलं होतं. वाईट वाटतं, वाटायलाच हवं, पण त्या मरणाचे मार्क सिनेमाला देऊ नका. अर्धे फॅन नकळत तेच करतात आणि मग समोरचा म्हणाला बोअर झालो तर त्याला हृदय नाही असं ठरवून मोकळे होतात.

आणि ती 'त्या काळी कुणाला कळलाच नाही' वाली गोष्टसुद्धा पूर्ण खरी नाही. त्याच पिक्चरसाठी मूर्तींना कॅमेऱ्याचं आणि आपल्या एम. आर. आचरेकरांना कलादिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं होतं. म्हणजे कॅमेरा कळणाऱ्यांना काय भारी आहे ते तेव्हाच दिसलं, आणि तिकीट काढणाऱ्यांना काय फसलंय ते. माझ्या मते दोघंही बरोबर होते. पुढे मूर्तींना फाळके पुरस्कार मिळाला, 2008 सालचा, कॅमेरामनला तो मिळायची ती पहिलीच वेळ.

प्रश्न : तुम्ही जुन्या पिक्चरबद्दल छान बोलता, जुन्यांना सगळे माफ करतात. मग 'बॉम्बे व्हेल्वेट'ने काय घोडं मारलंय? त्यातही ॲम्बिशन होतीच की. मला आवडला होता, सांगायची सोय नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सांगा बिनधास्त, इथे कुणी हसणार नाही. 2015 मध्ये आला आणि पहिल्याच वीकेंडला आपटला. साठच्या दशकातली मुंबई आता मुंबईत उरलीच नाही म्हणून अनुराग कश्यपने श्रीलंकेत उभी केली, ट्राम, क्लब, रस्ते सगळं, अमित त्रिवेदीकडून जॅझ करून घेतलं, आणि ते जॅझ आजही ऐकते मी, कपडे वाळत घालताना. मूळ विषय तर किती आपला, रेक्लमेशन, समुद्रात भर टाकून तयार झालेली जमीन, त्या जमिनीच्या जोरावर मोठे झालेले लोक. कागदावर मी हा पिक्चर दहादा बघेन.

पण माझ्या त्याच नियमाने बघायचं तर बोट ठेवायला मिळतं ते गाण्यांवर आणि सेटवर. माणसांवर मिळत नाही. हिरो जॉनी बलराजला 'बिग शॉट' व्हायचंय हे तो स्वतः सारखं सांगतो, पण ही मुंबई त्याला चावलीये, तिने त्याला घडवलंय असं मला एकदाही वाटलं नाही. 'कागज के फूल'मध्ये रुंद पडदा आणि एकटा माणूस यांचा एकमेकांशी संबंध होता, इथे एवढं शहर बांधलं आणि माणसं त्यात राहायलाच आली नाहीत. तरी पण एक सांगते, त्याच्यावर जी आगपाखड झाली त्यातली निम्मी पैशांच्या आकड्यावर होती, कुणी किती कोटी बुडवले त्याच्यावर. ते निर्मात्याला विचारू दे. माझं तिकीट स्वस्तातल्या पिक्चरलाही तेवढंच असतं, मग मी पैशांचा राग कशाला करू?

प्रश्न : इथे न्यू जर्सीत लायब्ररीतून 'हेवन्स गेट' आणून बघितला, साडेतीन तासांचा. अहो झोपले, मी मात्र बसून राहिले, इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं. नंतर वाचलं की याने अख्खी कंपनी बुडवली आणि शूटिंगमध्ये घोडे मेले. आता आवडला म्हणायची लाज वाटतेय. – एक वाचक

उत्तर : तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. आधी थोडं बाकीच्यांसाठी, कारण इकडे हा फार कुणी बघितलेला नाही. मायकल चिमिनोला 'द डिअर हंटर'साठी ऑस्कर मिळालं, त्यानंतर युनायटेड आर्टिस्ट्सने त्याला जवळपास मोकळं सोडलं. विषय वायोमिंगमधला, 1892 च्या आसपासचा, बडे गुरांचे मालक आणि बाहेरून आलेले गरीब स्थलांतरित यांच्यातली खरी घडलेली लढाई. खर्च वाढत वाढत 4 कोटी 40 लाख डॉलरच्या घरात गेला, 1980 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला लागला 219 मिनिटांचा, समीक्षकांनी असा धुतला की कंपनीने लगेच मागे घेतला, कापून कापून अडीच तासांचा केला आणि पुढच्या वर्षी परत लावला, तरी पडला तो पडलाच. 2012 मध्ये लांब आवृत्ती नीट दुरुस्त करून व्हेनिसला दाखवली तेव्हा कुठे लोक वेगळं बोलायला लागले.

कंपनी बुडवली हे जरा वाढवून सांगतात. युनायटेड आर्टिस्ट्स चॅप्लिन, मेरी पिकफर्ड वगैरे कलाकारांनी 1919 मध्ये काढलेली, पण तोपर्यंत ती ट्रान्सअमेरिका नावाच्या विमावाल्या बड्या कंपनीकडे होती, आणि त्यांना हा तोटा सोसवला नसता असं नाही, त्यांना कंटाळा आला आणि 1981 मध्ये त्यांनी ती एमजीएमला विकून टाकली. तर त्या पापाचं ओझं तुम्ही घेऊ नका, चिमिनोवरही पूर्ण टाकू नका.

घोड्यांचं मात्र तसं नाही. प्राण्यांचे हाल झाले त्यावर तेव्हाच निदर्शनं झाली, आणि त्याच प्रकरणानंतर अमेरिकेत शूटिंगवर प्राण्यांसाठी देखरेख ठेवायची पद्धत घट्ट झाली. इथे मी कलेसाठी वगैरे ऐकून घेणार नाही. स्वतःचं घर गहाण टाकून पिक्चर काढणारा वेडा मला आवडतो, पण ज्याला कुणी विचारलंच नाही त्याचा जीव घालून काढणारा नाही, मग तो पिक्चर चालो की पडो. उलट तो सुपरहिट झाला असता तर हा विषय कुणी काढलाच नसता, असंही वाटतं कधीकधी.

पण तुम्हाला आवडला त्यात लाज कसली? तो लाकडी हॉलमधला स्केटिंगचा सीन, पोरगा पायात स्केट घालून व्हायोलिन वाजवत गरगर फिरतो आणि मग अख्खं गाव त्याच्या मागे, धुरकट सोनेरी उजेड, त्या सीनसाठी एकही घोडा लागलेला नाही. तो आवडला म्हणा आणि बाकीचंही सांगा. एकाच माणसाला दोन्ही वाटू शकतं. अहोंना पण एवढा सीन उठवून दाखवा.

प्रश्न : 'प्रभात'चा पडलेला एखादा पिक्चर सांगा. आपल्याकडे नुसते हिटच सांगतात, 'तुकाराम', 'कुंकू', 'माणूस'. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अहो तुमच्याच गावचा आहे, 'प्रभात' कोल्हापुरात होती तेव्हाचा, 'सैरंध्री', 1933. शांतारामबापूंना रंगीत सिनेमा करायचा होता, तोही अशा वेळी की बोलपट येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. शूटिंग झालं आणि रंगाची प्रक्रिया नि प्रिंट यासाठी फिल्म घेऊन थेट जर्मनीला. रंग काही धड आले नाहीत, भडक झाले, आणि पिक्चर चालला नाही. याला मी पडद्यावरचे मार्क देऊ शकत नाही, कारण जे करायचं होतं तेच उतरलं नाही. धाडस म्हणून इतिहासात नोंद, बस. गंमत अशी की बापू तिकडून परत आले आणि 1934 ला पुण्यातून 'अमृतमंथन' आला, साधा ब्लॅक अँड व्हाइट, त्यात चंद्रमोहनच्या डोळ्याचा तो पडदाभर क्लोजअप. रंग राहिले बाजूला, लोक त्या डोळ्याबद्दल अजून बोलतात. आणि योगायोग बघा, पहिल्या उत्तरातला गुरुदत्तसुद्धा 1944 मध्ये नोकरीला लागला तो पुण्याच्या याच 'प्रभात'मध्ये.

प्रश्न : 'मेरा नाम जोकर' चार तास बघावा का? एका वाक्यात सांगा. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : एका वाक्यात नाही जमणार. पहिला भाग, ऋषी कपूर आणि टीचरचा, आत्ताच्या आत्ता बघा, त्याला त्यासाठी बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते उगाच नाही. सर्कशीचा मधला भाग रशियन हिरॉइनसाठी आणि गाण्यांसाठी बघा. तिसऱ्या भागाला जेवायला उठलात तरी चालेल, तशीही दोन मध्यंतरं आहेत. आणि हा पडल्यावर राज कपूरचं कर्ज कसं फिटलं याची काळजी लागली असेल तर दुसऱ्या दिवशी 'बॉबी' लावा.