चर्कहून पहाटे साडेपाचला नॅरोबोट सोडली तर शेजारच्या बोटींना चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला इंग्लंड-वेल्समधल्या लँगोलन कालव्यावर भाड्याची नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब, चिंचोळी, राहायची सोय असलेली बोट घेताय. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि पुण्याहून आलेले आईवडील. लँगोलनला जाताना एक रात्र चर्कला मुक्काम, आणि पाँटकसल्टेच्या जलसेतूवर, म्हणजे दरीवरून कालवा नेणाऱ्या पुलावर, रांग लागायच्या आत पोचायचं म्हणून पहाटे साडेपाचला निघायचा बेत. यजमान म्हणतात, "कालवा काय कुणाच्या बापाचा आहे का, सोडू बोट." तुम्हाला मात्र पुढेमागे लागलेल्या बोटींतल्या लोकांचा संकोच वाटतोय.

मी चेशायरमध्ये राहते आणि आमची चार घरांत मिळून एक जुनी नॅरोबोट आहे, ती बहुतेक याच कालव्यावर असते. माझं मत: साडेपाच नको. सात करा, फार तर साडेसहा.

पहिलं कारण शेजाऱ्यांचं नाहीच. ऑगस्टच्या शेवटी तिथे सूर्य सहाच्या पुढे उगवतो आणि भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला साधारणपणे परवानगी नसते. तुमच्या करारातही ते असेल, वाचून बघा. साडेपाचला जेमतेम फटफटलेलं असतं, पाण्यावर धुकं असतं आणि पहिल्याच मैलात चर्कचा जलसेतू आणि त्याला लागून ४२१ मीटरचा बोगदा. दोन्ही एका वेळी एकच बोट जाईल एवढे अरुंद. जूनमध्ये विचारलं असतंत तर उजेडाचा मुद्दा नव्हता, पावणेपाचलाच उजाडतं. मग प्रश्न फक्त शेजारधर्माचा उरला असता.

आता शेजाऱ्यांचं. नियम असा की उभ्या बोटीत, जवळपास दुसरं कुणी असेल तर, रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या परवान्यातच ही अट आहे. ती बॅटरी चार्ज करण्यासाठी, पाणी तापवण्यासाठी इंजिन लावून बसणाऱ्यांसाठी आहे. निघण्यासाठी इंजिन सुरू करून लगेच चालू पडलात तर तो नियमभंग होत नाही. म्हणजे आठच्या आत निघायला हरकत नाही, पण निघायचं म्हणजे निघायचं. खरी चिडचिड होते ती या मधल्या वेळात. इंजिन सुरू, बोट बांधलेली, एकजण दात घासतोय, दुसरा मुलाचा बूट शोधतोय, आणि "पाणी गरम होऊ दे, मी आंघोळ उरकून घेते" असं आतून ऐकू येतंय. बोटीतलं गरम पाणी इंजिनावर तापतं, म्हणून भाड्याच्या बोटीवाल्यांचा हा मोह मी दर उन्हाळ्यात बघते. डिझेल इंजिन गरम करत उभं ठेवायची गरज नसते, ते चालवतानाच नीट तापतं. आंघोळी आदल्या संध्याकाळी, बोट थांबल्या थांबल्या उरका. पाणी तेव्हा कढत असतं.

मी मूळची रत्नागिरीची. मिरकरवाडा बंदरात पहाटे होड्यांची इंजिनं धडधडायला लागली की कुणी कूससुद्धा बदलत नाही, कारण तिथे प्रत्येकजण धंद्याला निघालेला असतो नाहीतर धंद्यावरून आलेला. इथलं गणित वेगळं. तुमच्या पुढच्या बोटीत सुट्टीवर आलेलं जोडपं असेल, मागच्या बोटीत वर्षभर तिथेच राहणारा कुणीतरी रात्रपाळी करून नुकता आडवा झालेला असेल. ज्यांना कायमची जागा नाही असे कितीतरी लोक पंधरवड्याला जागा बदलत बोटीतच संसार करतात. त्यांच्या दृष्टीने तुम्ही पर्यटक त्यांच्या गल्लीतून जाताय.

आणि बोट म्हणजे पोलादी पत्रा. नॅरोबोट जास्तीत जास्त ६ फूट १० इंच रुंद, लांबी ७० फुटांपर्यंत, आत माणूस झोपतो तो भिंतीला चिकटूनच. छतावर लॉकची, म्हणजे कालव्यातल्या पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांची, लोखंडी किल्ली टाकली की आतल्याला कानाशी घंटा बडवल्यासारखं वाटतं. त्यात पहाटे हवा थंड आणि स्तब्ध, पाण्यावरून आवाज लांब जातो. दिवसा जाणवणारही नाही असं बोलणं चार बोटींपलीकडे शब्दन् शब्द ऐकू येतं. विशेषतः आपलं बोलणं! मी हे प्रेमाने सांगतेय: एक माणूस पुढे नाकाशी, एक मागे सुकाणूपाशी, आणि मधल्या पन्नास फुटांत आपण "अगं सोडलास का दोर?" असं ज्या पट्टीत विचारतो ती पट्टी या देशात फक्त फुटबॉलच्या मैदानावर ऐकू येते. हाताच्या खुणा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. हात वर म्हणजे सुटलं, आडवा म्हणजे थांब. मुलांना ही खुणांची भाषा फार आवडते, ते काम त्यांनाच द्या.

बाकीचं सगळं आदल्या संध्याकाळचं काम आहे. बोट कुठे लावताय ते सगळ्यांत महत्त्वाचं. सकाळी लवकर निघायचं असेल तर ओळीच्या अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे लँगोलनच्या दिशेने सगळ्यांत पुढे जागा बघा. मग निघताना तुम्हाला कुणाच्याही खिडकीवरून जावं लागत नाही. मागच्या टोकाला लावलीत तर झोपलेल्या प्रत्येक बोटीला घासून जायचं. दुसऱ्या बोटीला खेटून, कडेला कड लावून तर मुळीच बांधू नका. तेव्हा तुमचं इंजिन थेट त्यांच्या उशाशी येतं.

काठाला लोखंडी कडी किंवा पत्र्याची किनार असेल ती जागा घ्या. कडीतून दोर ओवून परत बोटीवर आणायचा, किनारीला आकडा अडकवायचा. दोन्ही बिनआवाजी सुटतात. मातीत खुंट्या ठोकायची वेळ आली तर संध्याकाळी लवकर ठोका आणि सकाळी हातोडा बाहेर काढू नका, खुंटी हाताने डावी-उजवी हलवत सैल करा. तेल बघणं, मागच्या ग्रीसच्या नळीला पीळ देणं, बोटीखालच्या, पाण्यातल्या पंख्याला काही गुंडाळलंय का ते झाकण उघडून पाहणं, हेही इंजिन थंड झाल्यावर झोपण्याआधीच. त्या फळ्या आणि झाकणं पहाटे आदळली की अख्खा काठ जागा होतो.

मग शेजारी जाऊन सांगून या, "उद्या सातला निघतोय, आवाज होणार नाही असं बघतो." या एका वाक्याने जेवढं काम होतं तेवढं कशाने होत नाही. कित्येकदा उत्तर येतं, "आम्हीच सहाला निघतोय." तसं झालं तर छानच, त्यांच्या मागून निघा.

आईवडिलांना पाचला जाग येणार हे मी गृहीत धरते. चहा करायला काही अडचण नाही, गॅस आहे. पण शिट्टीची किटली आणि प्रेशर कुकर सकाळी आठपर्यंत कपाटात. बोटीच्या छतावर पितळी छत्र्यांसारखे वायुवीजनाचे झरोके असतात, ते कायम उघडेच असतात, सुरक्षेसाठी बंद करायचेही नसतात. त्यातून शिट्टीही बाहेर जाते आणि फोडणीचा खकाणाही. (कांदेपोहे पाँटकसल्टेचा जलसेतू ओलांडल्यावर ट्रेव्हर गावाला थांबून करा. तिथे मागायला येतील लोक.)

प्रत्यक्ष निघताना: सगळे आत-बाहेर जिथे असायला हवेत तिथे, लाइफ जॅकेट चढवलेली, मग दोर सैल, आणि सर्वांत शेवटी किल्ली फिरवायची. इंजिन सुरू झाल्यापासून बोट हलेपर्यंत अर्धा मिनिट. पुढे ढकलयंत्र, म्हणजे बो थ्रस्टर असेल तर त्याला हात लावू नका, त्याची किंकाळी मुख्य इंजिनापेक्षा वाईट. नाक हाताने किंवा वाशाने बाहेर लोटा. पायाने कधीही नाही, बोट आणि काठ यांच्यामध्ये शरीराचा कुठलाच भाग जाऊ द्यायचा नाही.

काही जुने बोटवाले इंजिन न लावता, मधल्या दोराने बोट काठाकाठाने ओढत शेजाऱ्यांपासून लांब नेतात आणि मग सुरू करतात. बघायला सुंदर दिसतं आणि पंधरा टनांची बोट एका माणसाच्या ओढीने खरंच चालते, फक्त सावकाश. पण तुम्ही ते करू नका. या कालव्याला प्रवाह आहे. लँगोलनजवळ डी नदीचं पाणी कालव्यात शिरतं आणि थेट चेशायरमधल्या हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत जातं, तिथून ते पिण्यासाठी वापरतात. तुमचा प्रवास प्रवाहाविरुद्ध. नवख्या हातांनी बोट सोडली आणि ओढायला उशीर केला तर ती मागे सरकत ज्या शेजाऱ्याला उठवायचं नव्हतं त्याच्याच नाकावर आपटेल. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचं इंजिन कितीतरी सभ्य.

एकदा चालू लागलात की उभ्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद. कालव्याची वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण उभ्या बोटींपाशी तीही जास्त होते. उथळ, अरुंद पाण्यात तुमची बोट पुढे सरकते तसं पाणी दोन्ही कडांनी मागे ओढलं जातं आणि बांधलेल्या बोटी त्याबरोबर हिसका खातात. खुंट्या उपटून निघतात, आत कप खाली येतात. बोटीला ब्रेक नसतो, म्हणून वेग कमी करायचा तो दोनतीन बोटींचं अंतर आधी. मागे वळून त्यांच्या दोरांकडे बघा: ताणून सैल पडत असतील तर अजून हळू व्हा.

एका ठिकाणी मात्र संकोच ठेवू नका. आंधळं वळण, पुलाखालचा अरुंद भाग, समोरचं दिसत नाही, तिथे भोंगा वाजवा, सकाळचे सात असोत की सहा. बोगद्यात शिरण्याआधी समोरून दिवा येत नाही ना ते बघा, आपला दिवा लावा. प्रवाहामुळे बोगद्यात बोट रडतखडत चालते. घाबरून जोर वाढवू नका, तसं केल्याने वेग फारसा वाढत नाही.

आता रांगेबद्दल, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच. पाँटकसल्टे हे १८०५ सालचं काम, ३०७ मीटर लांब आणि नदीपासून ३८ मीटर उंच, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे समोरून बोट येत असेल तर थांबायचं, पण ओलांडायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे रांग सरकत राहते. खरी अडचण पुढे ट्रेव्हरहून लँगोलनकडे जाताना, जिथे खडकात खोदलेल्या भागात दोन बोटी एकमेकींना पार करू शकत नाहीत. तिथे एका माणसाला फोन घेऊन काठाने पुढे चालत पाठवायचं, मोकळं असेल तर त्याने कळवायचं. हे काम वडिलांना द्या, वाट सपाट आहे.

आणि लँगोलनला फार लवकर पोचून उपयोग नसतो. रात्री मुक्काम केलेल्या बोटी न्याहारी करून नऊ-दहाला हलतात, तोवर तुम्हाला लावायला जागाच नसते. चर्कहून सातला निघालात तर त्या हलल्यानंतरच पोचाल. शिवाय ते लोक परत यायला निघतील तेव्हा तुम्ही अरुंद भागाच्या मध्यात असलात तर दोन्हीकडून खोळंबा, म्हणून ट्रेव्हरला चहापोह्यांचा थांबा खरंच घ्या आणि पुढची वाट विचारून निघा.

एवढं करूनही कुणी पायजम्यावर बाहेर येऊन डोळे वटारलेच, तर हात वर करा, "सॉरी, मॉर्निंग" म्हणा आणि चालत राहा. खुलासा द्यायला थांबलात तर इंजिन तेवढा वेळ तिथेच चालू राहील.