नवीन खिडक्या घेताय? आधी रात्री बाहेरून बघा

अहो, काचेचे कॅटलॉग नंतर बघा, आधी अंधार पडल्यावर घरातले लाइट लावून बाहेर जा आणि कुठल्या खिडकीतून काय दिसतंय ते बघून या, कारण सगळ्याच खिडक्यांना प्रायव्हसी लागत नाही आणि उगाच सगळीकडे फ्रॉस्टेड, म्हणजे धुरकट काच लावली तर घरात कोंडल्यासारखं होतं.

नवीन लोक हमखास फसतात ते रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे आरशासारख्या चमकणाऱ्या काचेत. दिवसा बाहेर उजेड जास्त म्हणून आतलं दिसत नाही, पण रात्री आत लाइट लागला की उलटं, तुम्ही दिसता आणि तुम्हाला बाहेरचं काही दिसत नाही. तिथे पडदा लागणारच, दुकानदार काहीही म्हणो.

बाकी एवढंच बघा:
- बाथरूमला सँडब्लास्ट (वाळूचा मारा करून एका बाजूने खरखरीत केलेली) काच घेतली तर खरखरीत बाजू पाणी उडतं तिकडे नको, ओली झाली की आरपार दिसायला लागतं.
- स्लायडिंग उघडली की आडोसा गेला. वर बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी हवाही देते, झाकतेही.
- काचेचा तुकडा मागून घ्या, मागे हात धरून बघा. चिकटून धरला की फ्रॉस्टेडमधूनही आकार कळतो.

डबल ग्लेझिंग (दुहेरी काच), लो-ई (उष्णता परतवणारा लेप) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. मापं घ्यायच्या आधी हे ठरवा, मग खुशाल विचारा पुढचं.