इंग्रजी म्हणी शिकायला घेतल्यास? मग हे आधी वाच

म्हणींची लांबलचक यादी पाठ करत बसू नकोस. एका वेळी दोन-तीनच घे, पण ती म्हण कोण, कुणाला आणि कुठल्या प्रसंगी म्हणतं ते नीट बघ.

'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' (गडगडत्या दगडावर शेवाळ साचत नाही) हीच घे. जॉन हेवुड या इंग्रज लेखकाच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहातही ती सापडते. मूळ रोख टीकेचा: सारखी जागा आणि कामं बदलणाऱ्याच्या गाठीशी काही उरत नाही. तिथे शेवाळ म्हणजे जमलेली पुंजी. आज मात्र अनेक जण तीच म्हण कौतुकाने वापरतात. फिरता माणूस साचून राहत नाही, असा अर्थ घेतात. दोन्ही अर्थ रूढ आहेत, त्यामुळे मागचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नकोस.

'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' वाचून 'नऊ काय?' असं विचारावंसं वाटतं. नऊ टाकेच! उसवायला लागल्याबरोबर एक टाका घातला, की पुढचे नऊ वाचतात.

बोलताना लोक पुष्कळदा अर्धीच म्हण टाकतात. 'व्हेन इन रोम...' एवढंच म्हणून थांबतात. जिथे जाशील तिथल्या रीतीने वाग, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. म्हणून पूर्ण म्हण माहीत हवीच.

आणि जपून वापर. 'बेटर लेट दॅन नेव्हर' (कधीच नाही त्यापेक्षा उशीर बरा) हे स्वतःच्या उशिराबद्दल म्हटलं तर चालतं, पण उशिरा आलेल्या वरिष्ठांना म्हणालास तर तो सरळ टोमणा होतो.